कणगी, गोणी, पत्र्याची कोठी की हवाबंद पिशवी? एकरभर भाताचा हिशेब

आमच्या कुडाळकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास भात घरात येतं आणि घरोघरी एकच विषय निघतो: यंदा ठेवायचं कुठे? जुनी कणगी बुडाशी कुजलेली असते. गोण्यांना उंदरांनी भोकं पाडलेली असतात. बाजारात पत्र्याच्या कोठ्या ओळीने उभ्या असतात, आणि आता हवाबंद पिशव्याही मिळू लागल्या आहेत. या चारही गोष्टी मी घरात वापरल्या आहेत. ज्यांचं अर्धा-एक एकर शेत आहे, भात मुख्यतः घरच्या खाण्यासाठी पिकतं आणि थोडंफार विकलं जातं, त्यांना पैसे कशावर घालावेत हे ठरवायला सोपं जावं म्हणून हे लिहिते आहे.

"यातलं चांगलं कुठलं?" असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते: भात किती महिने ठेवायचंय, आणि त्या महिन्यांत पावसाळा येतो का? कोकणात आणि गोव्यात सगळं यावरच ठरतं. नोव्हेंबर ते मे टिकवायला वेगळं साधन लागतं आणि जून ते सप्टेंबर टिकवायला वेगळं. सगळं भात एकाच जागी ओतून मोकळं व्हायची सवय आपल्याला आहे. माझ्या मते नासाडी तिथूनच सुरू होते.

लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे 'सीफेट'ने, २०१५ साली देशभरातल्या नुकसानीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भाताचं नुकसान ५.५३ टक्के निघालं. एकराला १३ क्विंटल पिकलं असं धरा, म्हणजे ७० किलोहून जास्त भात गेलं. त्यातला मोठा वाटा काढणी-मळणीचा होता, साठवणीचा कमी. पण वर्षभराचं धान्य घरात राखणाऱ्या, चार महिने पावसात काढणाऱ्या घरात साठवणीकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

काढणीबद्दल थोडक्यात सांगते. लोंबीतले शंभरातले ८० ते ८५ दाणे पिवळे झाले की कापायला घ्यावं. सगळी लोंबी सोनेरी व्हायची वाट पाहिली तर दाणे शेतातच झडतात. कापलेलं भात दोन-तीन दिवस मळ्यातच वाळत टाकायची आपली पद्धत आहे. त्यात दाणा दिवसा उन्हाने सुकतो आणि रात्री दवाने भिजतो. या ओढाताणीत त्याला आतून बारीक तडे जातात. ते बाहेरून दिसत नाहीत, पण गिरणीत त्याची कणी होते. परतीच्या पावसात सापडलेलं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात तर जागेवरच मोड धरतं. विळा बदलायचा असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी 'वैभव विळा' घ्यावा. तो हलका आहे, बुडापाशी कापतो आणि दांड्याला हिसके बसत नाहीत. मळणीचं म्हणाल तर फळीवर झोडायचं की यंत्रावर घालायचं हे माणसं किती मिळतात त्यावर ठरवा. फक्त ओले भारे रचून उडवी घालू नका.

आधी वाळवण, मग साठवण

कापणीच्या वेळी दाण्यात २० ते २५ टक्के पाणी असतं. ओलं भात श्वास घेतं आणि तापतं. मळणी करून रात्रभर ढिगात ठेवलेल्या भातात सकाळी कोपरापर्यंत हात घालून पाहा. आतली ऊब लगेच कळते. त्या उबेनेच दाणा पिवळा पडतो, वास धरतो आणि बियाण्याची उगवण जाते. म्हणून मळलेलं भात त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पसरायलाच हवं.

किती वाळवायचं? चार-सहा महिने ठेवायचं असेल तर १४ टक्के ओलावा चालतो. वर्षभर ठेवायचं असेल तर १३ टक्के, आणि बियाण्याला १२ किंवा त्याहून कमी. वजन घटतं म्हणून जीव तुटतो, मलाही तुटायचा. पण हिशेब करून बघा. २२ टक्के ओलं १०० किलो भात १४ टक्क्यांवर आणलं की ९०.७ किलो भरतं. गेलेले नऊ किलो हे पाणी होतं. ते आपण पिकवलेलं नव्हतं.

माझी आजी म्हणायची, "डोळ्यान नको, दातान बघ." दाणा पुढच्या दाताखाली धरायचा. टच्चकन तुटला तर वाळला, दबला तर अजून ऊन हवं. दुसरी युक्ती मिठाची. कोरड्या काचेच्या बरणीत मूठ-दोन मूठ भात आणि चमचाभर भाजून कोरडं केलेलं मीठ घालायचं, झाकण लावून चांगलं हलवायचं आणि काही मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर भातात १५ टक्क्यांच्या वर पाणी आहे असं समजावं. दाताने १४ आणि १२ यांतला फरक मात्र कळत नाही, त्याला ओलावा मोजायचं यंत्र लागतं. एकट्याने विकत घेण्यापेक्षा वाडीने किंवा बचत गटाने मिळून एक घेतलं तर ते दहा घरांना पुरतं.

वाळवायला जागा तीन: शेणाने सारवलेलं खळं, ताडपत्री आणि रस्ता. रस्ता नकोच. गाडीखाली दाणा चिरडतो, खडी मिसळते आणि डांबर दुपारी भट्टीसारखं तापतं. सारवलेलं खळं उत्तम, पण ऑक्टोबरात एक सर आली की ते दोन दिवस ओलं राहतं. ताडपत्रीचा मोठा गुण हा की ढग दाटले की चार कोपरे धरून पाच मिनिटांत भात गोळा होतं. परतीचा पाऊस सांगून येत नाही, म्हणून मी ताडपत्रीच्या बाजूने आहे. थर दोन बोटं जाड ठेवायचा आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने पायाने किंवा दाताळ्याने चाळवायचा. भर दुपारी भात हाताला पोळायला लागलं तर गोळा करून झाकायचं आणि ऊन उतरल्यावर पुन्हा पसरायचं. कडक उन्हात घाईने वाळवलेल्या दाण्यालाही तडे जातात. बियाण्याची तर उगवणशक्तीच ४२-४३ अंशांच्या वर मार खाते. निळ्या-काळ्या प्लॅस्टिकवर दुपारी इतकी उष्णता सहज होते.

कणगी

बांबूच्या बेळांची विणलेली, शेण-मातीने लिंपलेली कणगी अजून घराघरात आहे आणि तिला मोडीत काढायची घाई करू नये. तिच्यात हवा खेळते, म्हणून वाळवणीत थोडी कसर राहिलेलं भातही तिच्यात एकदम तापत नाही. गावातच बनते, गावातच दुरुस्त होते. पाच क्विंटलची कणगी दगडांवर फळ्या टाकून उभी केली आणि दर वर्षी नव्याने लिंपली तर ती बरीच वर्षं जाते.

पण जो तिचा गुण, तोच पावसाळ्यात तिचा दोष. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची हवा ८५-९० टक्के दमट असते. त्या हवेत उघडं भात ओलावा ओढून घेतं आणि पुन्हा १५-१६ टक्क्यांच्या वर जातं. नोव्हेंबरात तुम्ही कितीही कडक वाळवलेलं असो, जुलैत कणगीने ते पुन्हा ओलं केलेलं असतं. मग बुरशी, मग तो कोंदट वास, आणि भात शिजला तरी तो वास जात नाही.

पतंगाचंही तसंच. भाताचा करडा पतंग अंडी घालून जातो, अळी दाण्याच्या आत वाढते आणि पतंग होऊन बाहेर पडते तेव्हा तुसाला गोल भोक दिसतं. हा पतंग खोलवर जात नाही, वरचा थर खातो. म्हणून कणगीचं तोंड नुसतं झाकून भागत नाही, लिंपूनच घ्यावं लागतं. सोंड्या किडा आणि भुंगेरे मात्र तळापर्यंत जातात. निरगुडीचा आणि कडुलिंबाचा पाला घालतात, मीही घालते. त्याने कीड लांब राहायला मदत होते, आत शिरलेली मरत नाही.

माझं मत: डिसेंबर ते मे खायचं भात कणगीत ठेवावं आणि मिरगाच्या आधी ती रिकामी करावी.

गोणी

बहुतेक घरांत शेवटी गोण्याच असतात, कारण त्या स्वस्त आहेत आणि उचलता येतात. विकायचं भात गोणीतच हवं. वर्षभर ठेवायला मात्र चौघांत हीच सगळ्यांत कच्ची. उंदराला ती एका रात्रीचं काम. आणि उंदीर जेवढं खातो त्याहून जास्त नासतो. सिंधुदुर्गात उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोच्या तापाने काय केलंय ते आपण पाहिलेलं आहे. उंदराचं मूत्र जिथे पडतं तिथलं धान्य घरात ठेवणं मला तरी पटत नाही.

जुन्या गोण्या परत वापरायच्या तर आधी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवाव्यात. शिवणीत मागच्या वर्षीची कीड बसलेली असते. खताच्या गोण्यांत खाण्याचं भात भरू नये, धुतल्या तरीही. थप्पी फळ्यांवर लावावी आणि भिंतीपासून हातभर लांब. त्या फटीतून मांजर फिरलं पाहिजे.

पत्र्याची कोठी

कोठीला उंदीर लागत नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी तिची किंमत मोजायला हरकत नाही. झाकण घट्ट असेल तर पावसाळी हवाही फारशी आत जात नाही. किती मोठी घ्यावी याचा हिशेब सोपा आहे: साधारण ९० सेंटिमीटर रुंद आणि १४० सेंटिमीटर उंच गोल कोठीत पाच क्विंटल भात मावतं.

पण कोठीत चूक झाली तर ती कणगीपेक्षा महागात पडते. पहिली कोठी घेतली त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता. भात दाताला बरं लागलं, भरून टाकलं. कोठी पडवीत, दुपारी ऊन लागेल अशी ठेवली. जानेवारीत झाकण काढलं तर झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते आणि वरचा वीतभर थर गठ्ठा होऊन हिरवट झालेला. दिवसा पत्रा तापतो, भातातला ओलावा वाफ होऊन वर येतो, थंडीच्या रात्री गार झाकणाला लागून त्याचं पाणी होतं आणि ते पुन्हा भातावर पडतं. कणगी ही चूक पोटात घालते, कोठी घालत नाही.

तेव्हापासून कोठीत जाणारं भात मी १३ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय भरत नाही. उन्हातून काढलेलं गरम भात लगेच ओतत नाही, एक रात्र गार होऊ देते. कोठी आतल्या खोलीत, ऊन न लागणाऱ्या भिंतीशी, फळीवर ठेवली आहे. पहिल्या महिन्यात दर आठ दिवसांनी झाकण उघडून हात घालून पाहते.

हवाबंद पिशवी

ही जाड प्लॅस्टिकची खास पिशवी, साध्या गोणीच्या आत घालायची. काहींत एक थर असतो, काहींत दोन. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने अशी ५० किलोची पिशवी भातासाठी लोकांपर्यंत नेली. आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये चवळी टिकवण्यासाठी अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठाने १९८०च्या दशकात दोन थरांची पिशवी आणली. तत्त्व दोन्हींचं एकच. तोंड पिळून, दुमडून घट्ट बांधलं की आतले किडे आणि दाणे मिळून आतला प्राणवायू संपवतात. तो फार खाली गेला की किडे आधी सुस्त होतात आणि मग मरतात. औषध लागत नाही. शिवाय बाहेरचा दमटपणा आत येत नाही, म्हणजे १२ टक्क्यांवर बांधलेलं भात ऑगस्टातही १२ टक्क्यांच्या आसपासच राहतं.

किंमत साध्या गोणीच्या काही पट, पण नीट हाताळली तर दोन-तीन हंगाम चालते. नीट हाताळणं हीच यातली अडचण आहे. भाताच्या तुसाचं टोक बोचरं असतं. पिशवी ओढली, आपटली की बारीक भोकं पडतात आणि मग ती साधी गोणीच राहते. उंदीरही ती कुरतडतो. ओलं भात बांधलं तर आत कुजतं आणि तोंड उघडेपर्यंत कळत नाही. रोज थोडं-थोडं काढायचं असेल तर ही पिशवी अजिबात कामाची नाही, कारण दर वेळी उघडताना नवी हवा आत जाते. एक पिशवी उघडली की ती संपवायची, मगच दुसरी.

मी ती दोन कामांना वापरते. पहिलं काम बियाण्याचं. इथे एक फरक सांगायला हवा. खरिपाचं बियाणं नोव्हेंबर ते मे एवढंच ठेवायचं असतं, म्हणजे पावसाळा त्याच्या वाट्याला येत नाही. त्याचे वैरी पतंग, उंदीर आणि एप्रिल-मेचा उकाडा. ते पूर्वीच्या लोकांनी मुडीत, म्हणजे पेंढ्याच्या गाठोड्यात, बांधूनही टिकवलं. वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी भाताचं, बियाणं मात्र एप्रिल-मेमध्ये निघतं आणि डिसेंबरपर्यंत अख्खा पावसाळा काढतं. वायंगण करणाऱ्यांनी दुसरा विचारच करू नये, हवाबंद पिशवीच घ्यावी. माझ्या वायंगणात बी कमी उगवायचं ते या पिशवीनंतर सुधारलं. दुसरं काम म्हणजे जुलैनंतर खायच्या भाताच्या दोन-तीन पिशव्या.

औषधाच्या गोळ्यांबद्दल

कीड दिसली की दुकानातून सल्फासच्या नावाने मिळणारी गोळी आणून कोठीत टाकायची, हे अजून चालतं. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी आहे. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि तो माणूस मारतो. जिथे मुलं झोपतात त्या घरात ती गोळी ठेवूसुद्धा नका. हवाबंद पिशवीसाठी जास्तीचे पैसे का मोजावेत याचं मला हे एकच कारण पुरेसं वाटतं. भाताला कीड लागलीच असेल तर ते पुन्हा उन्हात पसरा, चाळा आणि मग पिशवीत बांधा.

विकायचं भात वेगळं काढा

सरकारी खरेदीला १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. २०२५-२६च्या खरिपात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. १७ टक्क्यांवरचं १०० किलो भात तुम्ही १३ टक्क्यांपर्यंत वाळवलं तर ते ९५.४ किलो उरतं, म्हणजे या भावाने क्विंटलमागे सुमारे १०९ रुपये उन्हात गेले. म्हणून विकायचं ते १७च्या जरा खाली आलं की गोणीत भरा आणि आठवड्याभरात घराबाहेर काढा. पुढे भाव चढेल म्हणून एप्रिलपर्यंत थांबायचं असेल तर मात्र घरच्या भातासारखंच पूर्ण वाळवावं लागेल. घट, कीड आणि व्याज धरून तो चढलेला भाव किती उरतो हे आधी कागदावर मांडा.

एक एकर, १३ क्विंटल आणि पाच माणसांचं घर धरलं तर मी वाटणी अशी करेन: बियाण्याची एक हवाबंद पिशवी, चार क्विंटल कणगीत मेअखेरपर्यंतचं, पाच क्विंटल कोठीत पावसाळ्यासाठी. उरलेलं साडेतीन क्विंटल दिवाळीनंतर लगेच विकायचं. सगळं एकाच वर्षी घेणं जमणार नसेल तर क्रम असा ठेवा: पहिल्या वर्षी मोठी ताडपत्री, दुसऱ्या वर्षी दोन-तीन हवाबंद पिशव्या, आणि कोठी त्यानंतर. आमच्या वाडीत बहुतेक जण कोठीपासून सुरुवात करतात, कारण ती दिसते. पण नीट न वाळलेलं भात कोठीत गेलं की काय होतं ते मी पाहिलं आहे.

गिरणीचं विसरू नका

वर्षभर जपलेलं भात शेवटी गिरणीत जातं आणि तिथे एका तासात जेवढं जातं तेवढं उंदराने वर्षात खाल्लेलं नसतं. जुन्या एकाच लोखंडी रोळाच्या हलरमधून शंभर किलो भाताचे ५३ ते ५५ किलो तांदूळ निघतात, त्यातही कणी पुष्कळ. रबरी रोळावर तूस काढून मग पॉलिश करणाऱ्या गिरणीत ६५ ते ७० किलो निघतात. पाच माणसांच्या घराला दिवसाला दीड किलो तांदूळ धरले तर वर्षाला साडेपाच क्विंटल. एका गिरणीत त्यासाठी १० क्विंटल भात लागतं, दुसरीत साडेआठ भागतं. हलरचा कोंडा गुरांना-कोंबड्यांना जातो हे खरं, पण तेवढ्यासाठी दीड क्विंटल भात फार झालं. रबरी रोळाची गिरण पाच-सात किलोमीटर लांब असली तरी मी टेंपोचं भाडं देऊन तिथेच जाते. जवळ फक्त हलरच असेल तर भात उकडून घ्या. उकडताना दाण्यातले तडे आतल्या आत चिकटून येतात आणि कणी कमी पडते. दक्षिण कोकणात आणि गोव्यात पेजेला उकडाच लागतो, तेव्हा चवीचीही तक्रार येत नाही.

आणि पेरणीच्या पंधरा दिवस आधी बियाण्याची पिशवी उघडाल तेव्हा शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सातव्या दिवशी उघडा. ८० किंवा त्याहून जास्त उगवले तर तरवा, म्हणजे रोपांसाठीची पेरणी, बिनधास्त टाका. साठ-सत्तरच उगवले तर त्या मानाने बी वाढवा. त्याहून कमी निघाले तर नवं बियाणं आणायला अजून आठवडाभर हातात असतो.